चौथा खळगा

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

नवी वही. जुनीत अर्धवट सोडलेले संकल्प फार साठले होते आणि तिच्यावर कॉफीही सांडली होती. ही फक्त माझ्यासाठी. ओटिलियाला सांगितलंय की हिच्यात हवामानाच्या नोंदी आहेत. ओटिलिया म्हणजे माझी बायको. हे मला माहीत आहे, पण नोंदवही म्हटली की सगळं रीतसर हवं.

आजची स्थिती: चौदा नाणी, एक खळगा.

हेही रीतसर लिहितो. १८५५ ते १८८५ या तीस वर्षांत देशभर नेमबाजीच्या मोठ्या जत्रा भरल्या आणि दर जत्रेला पाच फ्रँकचं चांदीचं नाणं, म्हणजे टालर, पाडलं गेलं. असे एकूण पंधरा. आतून निळी मखमल लावलेला कपाटाचा खण मी स्वतः करून घेतला, पंधरा खळग्यांचा. चौदा भरलेत. चौथा रिकामा आहे. चौथा म्हणजे १८६१, श्टान्स. म्हणजे आपलंच. बाझेल हजर, झ्युरिक हजर, पार लुगानोसुद्धा हजर, आणि खाली दरीत अर्ध्या तासावर असलेलं श्टान्स गैरहजर. ओटिलिया म्हणते, खण उघडला की पुढचा दात पडलेल्या माणसाकडे बघितल्यासारखं वाटतं.

लोक विचारतात, बाजारात मिळतो की, घेत का नाहीस. त्यांना कळायचं नाही. आमच्या निडवाल्डेन परगण्याच्या माणसानं श्टान्सचा टालर झ्युरिकच्या दुकानदाराकडून घ्यायचा, हे स्वतःच्या आईचा फोटो परक्याकडून विकत घेण्यासारखं आहे. सहा वर्षांपूर्वी मी झ्युरिकच्या लिलावाला गेलो होतो, पण ते अभ्यासासाठी. नाणं पुकारलं तेव्हा हात वर गेला नाही, कारण खांदा आखडला होता. सगळे वळून बघतात अशा खोलीत खांदा आखडतोच. बाकीची चौदा पोस्टानं मागवली. पोस्टाची पद्धत सभ्य आहे.

संकल्प: यंदा चौथा खळगा भरायचा. ल्युसर्नच्या नाणेमंडळाला कळवूनही टाकलं. १४ जूनला माझं व्याख्यान. विषय, संपूर्ण मालिका.

दंतवैद्याचं कार्ड आलंय. खालची उजवी दाढ. कार्ड बॅरोमीटरमागे ठेवलं.

५ मार्च, बुधवार. दुपारी

आगाथाबाईंकडे जाऊन आलो. वय शहाऐंशी. वरच्या वस्तीत एकट्या राहतात. जूनमध्ये, पेन्टेकॉस्टच्या सणाच्या सुट्टीत घर सोडून खाली वृद्धाश्रमात जाणार आहेत, म्हणून एकेक वस्तू वाटायला काढल्यात. श्टान्सचा टालर त्यांच्याकडे आहे. त्यांच्या टोनीच्या पणजोबांनी १८६१ च्या जत्रेत नेम मारून जिंकलेला. टोनी स्वतः चार वेळा गावाचा नेमराजा झाला. वारून अकरा वर्षं झाली. टालर आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे. पाहिलाय मात्र कोणीच नाही.

मी घरूनच पांढरे सुती हातमोजे घालून गेलो होतो. चांदीला उघडं बोट लागू द्यायचं नाही, हा माझा नियम. घासलेलं, चोळलेलं, बोटाळलेलं नाणं माझ्या खणात येत नाही.

आगाथाबाईंनी बिस्किटांचा डबा दाखवला, उघडला नाही. म्हणाल्या, तुला देते. मी उठून हात पुढे केला. म्हणाल्या, बस खाली. नेमानं आलंय ते, नेमानंच जाईल. मे महिन्यात फील्ड शूटिंग आहे. तिथं आडवा पड, अठरा गोळ्या झाड आणि घेऊन जा.

मी विचारलं, गुण किती हवेत? म्हणाल्या, गुणांचं कोण बोलतंय, शून्य मिळव की. अठरा झाड म्हणजे झालं.

आणि नाही झाडल्या तर? तर म्हणे रेमिगीला देईन, तो मंडळाच्या झेंड्याला लावेल.

रेमिगी म्हणजे ओटिलियाचा भाऊ, नेमबाजी मंडळाचा अध्यक्ष. झेंड्याला लावायचं म्हणजे नाण्याला भोक पाडायचं. ड्रिलनं. मी कप खाली ठेवला. बशी थोडी डावीकडे होती.

अठरा गोळ्या. लष्करी रायफल, तीनशे मीटर. दर वर्षी सगळ्या देशात एकाच वेळी होतं, सगळ्यांना खुलं, फुकट. दहा-दहा वर्षांच्या मुली झाडतात. मग मला काय झालंय?

मला बंदुकीची भीती नाही. कान नाजूक आहेत.

८ मार्च, शनिवार

रेमिगीला सांगितलं, यंदा माझं नाव लिही. तो चीज कापत होता, सुरी तशीच राहिली. म्हणाला, कुठल्या यादीत? सॉसेजच्या? मी म्हणालो, नेमबाजीच्या. तो बराच वेळ हसला. मग डोळे पुसून म्हणाला, बाल्त्सभाऊ, पंचवीस वर्षं तू आमच्या वार्षिक सभेत नेमबाजाच्या निधड्या छातीवर भाषण करतोस, पण तुला ट्रिगर कुठल्या बाजूला असतो हे तरी ठाऊक आहे का?

ठाऊक आहे. खालच्या.

तळपाय सपाट म्हणून लष्करानं मला घेतलं नाही, यात माझा दोष नाही. माझी भाषणं ऐकून गावाचा काही वेगळा समज झाला असेल, तर तो मी करून दिलेला नाही. मोडायला गेलो नाही, इतकंच. रेमिगी म्हणाला, एक एप्रिलपासून दर मंगळवारी सहाला सराव, येत जा, शिकवतो. जाणारच.

११ मार्च, मंगळवार. सकाळी ९.१५, तळघरात

वरच्या कड्यावर साचलेला बर्फ पाडायला सुरुंग लावतायत. आतापर्यंत चार. मी खाली घराच्या बंकरमध्ये आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. संग्रह बंकरमध्ये असतो आणि धूळ झटकायची होती. अणुबाँबसाठी इथं घराघराखाली बांधलेल्या जागेत धूळ फार बसते.

पाचवा.

हात हलल्यामुळे वरची ओळ अशी आली आहे.

ओटिलियानं वरून विचारलं, नाश्ता खाली पाठवू का. पाठव म्हणालो. बर्फाच्या हंगामात ती हे दर वेळी न चुकता विचारते. समजूतदार बाई आहे.

१५ मार्च, शनिवार

कार्यक्रम आखला. शास्त्रशुद्ध. कानांना हळूहळू सवय लावायची. पहिला आठवडा, कागदी पिशवी फुगवून फोडणे. दुसरा, फुगे. तिसरा, दार आपटणे. चौथा, रेमिगीची जुनी मोटरसायकल. पाचवा, प्रत्यक्ष. शिस्तीपुढे काही टिकत नाही.

१६ मार्च, रविवार

पिशवी मी फोडायची असं ठरलं होतं. ओटिलियानं मागून येऊन फोडली. मी टेबलाखाली होतो तो पेन पडलं होतं म्हणून. ती म्हणाली, पेन तुझ्या हातात आहे. मी म्हणालो, दुसरं.

कार्यक्रमात बदल. पहिला आठवडा, पिशवी फोडण्याची कल्पना करणे.

२२ मार्च, शनिवार

कल्पना उत्तम जमते. दिवसातून तीनदा, डोळे मिटून. कालपासून घाम येत नाही. आला तरी फक्त कपाळाला.

१ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी ६.५०

सरावाला निघालो. पुलापर्यंत पोचलो. बर्फ वितळून ओढ्याला पाणी चढलंय. पूल दगडी आहे आणि दोनशे वर्षं उभा आहे, पण जुन्या गोष्टींवर किती विसंबायचं? परत.

१५ एप्रिल, मंगळवार

गेल्या मंगळवारी पुलावर एक कुत्रा होता. आज पवित्र सप्ताह, अशा दिवसांत बंदूक हातात धरणं बरं दिसत नाही. फादर यॉस्ट स्वतः सरावाला गेले असं ओटिलिया म्हणाली. ते धर्मगुरू आहेत, त्यांचं त्यांनी बघावं.

सहा ते साडेसात बंकरमध्ये होतो. नेमबाजीची रेंज इथून पाऊण किलोमीटर. काँक्रीटमधून आवाज येत नाही, पण कधी येईल याकडे कान लागून राहतात, आणि ते जास्त वाईट. दीड तास १८७४ चं सेंट गॅलन पुसत होतो. नाण्याला न टेकता, वरून.

२४ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरकडे गेलो. कान नाजूक असल्याचं सर्टिफिकेट मागायला. सर्टिफिकेट असलं की आगाथाबाईंना दाखवता येईल, आणि आजारी माणसावर अट कोण लादणार? डॉक्टरीणबाईंनी कानाला यंत्र लावून वीस मिनिटं तपासलं. म्हणाल्या, अभिनंदन, तुमचे कान तिशीतल्या माणसाचे आहेत. मी म्हणालो, नीट बघा. म्हणाल्या, नीट बघितले. मग म्हणाल्या, गाल सुजलाय का उजवीकडे? तोंड उघडा बघू.

मी कोट घेतला आणि निघालो. वेळेचं भान ठेवायला हवं होतं.

कार्ड बॅरोमीटरमागून काढून बॅरोमीटरच्या आत ठेवलं.

२९ एप्रिल, मंगळवार. रात्री ८

आज पूल ओलांडला. हे ठळक लिहून ठेवतो. पूल ओलांडला, चढ चढलो, रेंजच्या दारापर्यंत गेलो आणि दाराच्या कडीला हात लावला. आतून पहिली गोळी सुटली.

पुढचं नीटसं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा चर्चमध्ये होतो, पहिल्या बाकावर, टोपी दोन्ही हातांत घट्ट. फादर यॉस्ट मेणबत्त्या विझवत होते. म्हणाले, मंगळवारी इथं कसा? मी म्हणालो, प्रार्थना. ते म्हणाले, छान, मग दार तेवढं ओढून घे, मी निघालो, सरावाला उशीर झालाय. आणि भिंतीला टेकलेली रायफल खांद्याला लावून गेले.

मी बसून राहिलो. छाती इतकी धडधडत होती की चर्चमध्ये दुसरंच कोणी चालतंय असं वाटावं. चढावरून धावत आल्यामुळे. खरं म्हणजे आलो तो उतार होता.

६ मे, मंगळवार

नवीन योजना, आणि ही आधीच सुचायला हवी होती. आडवं कोण पडलं हे आगाथाबाई थोड्याच बघायला येणार? त्या बघणार गुणपत्रिका. रेमिगीला बाजूला घेऊन म्हणालो, माझ्या नावावर तूच अठरा झाड. घरातल्या घरात आहे. तो हसला नाही. पहिल्यांदाच हसला नाही. म्हणाला, बाल्त्सभाऊ, या गावात माणसानं दुसऱ्याची गाय चोरली तर दोन वर्षांनी लोक त्याच्याशी बोलायला लागतात. खोटी गुणपत्रिका लिहिली तर त्याच्या नातवाशीसुद्धा बोलत नाहीत. मी हे ऐकलं नाही असं समज.

मग खांद्यावर हात ठेवून विचारलं, तुला नक्की कशाची भीती वाटते?

मी म्हणालो, खोट्या गुणपत्रिकेची. चांगलं उत्तर होतं. घरी येताना सुचलं असतं तर वाया गेलं असतं.

१० मे, शनिवार

पुन्हा वर, आगाथाबाईंकडे. एक प्रस्ताव ठेवला. अठरा गोळ्यांऐवजी मी अठरा पानांचं भाषण करतो, टोनीच्या स्मरणार्थ, फील्ड शूटिंगच्या मांडवात, सगळ्या गावासमोर. विषय, निधडी छाती. आगाथाबाई म्हणाल्या, तुझी भाषणं टोनीला फार आवडायची, गोळीशिवाय झोप लागायची त्याला.

मग सरळ विचारलं. बाल्त्स, तुला भीती वाटते का?

मी म्हणालो, भीती? मला? आणि हसून दाखवलं.

त्या म्हणाल्या, अरेरे. वाटत असती तर बोलायला काही तरी झालं असतं.

याचा अर्थ कळला नाही. वयाचा परिणाम असावा. डबा टेबलावरच होता. हात पोचेल इतका जवळ. त्या दूध आणायला आत गेल्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. चोर म्हणून पकडलं जाण्याची कल्पना केली, आणि कल्पना मला उत्तम जमते.

१८ मे, रविवार

ल्युसर्नहून छापील पत्रिका आली. संपूर्ण मालिका. व्याख्याते, मी. नाणी प्रत्यक्ष मांडली जातील. चाळीसजणांनी नाव नोंदवलंय. आजवर एवढे कधी आले नव्हते. पाणी प्यालो. पाणी दाढेला लागलं.

शेवटचा आणि पक्का निर्णय: शुक्रवारी फील्ड शूटिंग सुरू होतं, त्याच संध्याकाळी जायचं, पडायचं, झाडायचं, उठायचं. विचार करायचाच नाही. गेले अडीच महिने घोळ झाला तो विचारामुळे.

२३ मे, शुक्रवार. रात्री ८.१०

गेलो. मांडवापर्यंत. सॉसेजचा वास, बिअर, बँड, सगळं गाव. रांगेत माझ्यापुढे पोस्टातली कारकून बाई होती, तिच्यापुढे तिची मुलगी, डोक्यावर कान झाकायचा पट्टा, गाणं गुणगुणत होती. दर दोन मिनिटांनी आतून आवाज. मी रांगेतून बाहेर पडलो, कारण सॉसेज गार होत होतं. सॉसेज अजून घेतलेलं नव्हतं, तेव्हा घेतलं. मग ते संपवायला वेळ लागला, उजवीकडून चावता येत नाही. मग शुक्रवार संपला.

आगाथाबाई आल्या होत्या. हॅटवर नेमाचे बिल्ले, निदान पन्नास. त्यांचं झाडून झालंही होतं. एकसष्ट गुण. लांबूनच माझ्याकडे बघून मान हलवली. होकाराची की नकाराची, कळलं नाही.

२४ मे, शनिवार

आजारी. खरोखर. दाढ. ओटिलियानं गरम पिशवी दिली, कागदी नव्हे. म्हणाली, आज नाही तर उद्या बाराच्या आत, नंतर बंद. म्हणाली, रेमिगीनं ड्रिलचं टोक आणलंय.

मी भिंतीकडे तोंड केलं. या वहीत खोटं लिहून उपयोग नाही, वाचणारा मीच आहे. रडू आलं. त्रेसष्टाव्या वर्षी. दाढेमुळे नाही.

२५ मे, रविवार. दुपारी ३

सगळं क्रमानं लिहितो.

साडेअकराला पोचलो. रांग नव्हती. रेमिगी मांडवाच्या दारात कागद आवरत होता. मला बघून पुन्हा पसरले. माझे पाय थरथरत होते. दिसू नये म्हणून बाकावर बसलो, तर बाकही थरथरायला लागला. शेजारी आगाथाबाई बसल्या होत्या, त्यांची कॉफी हिंदकळली. म्हणाल्या, बाल्त्स, माझा कप.

मी म्हणालो, आगाथाबाई, मला भीती वाटते. लहानपणापासून. बंदुकीची, लिलावाची, सुरुंगाची, दंतवैद्याची. आत्ता इतकी वाटते की उभं राहवणार नाही. नाणं रेमिगीला देऊन टाका.

हे मी बोललो. कोणाला ऐकू गेलं का बघायला मान वर केली नाही.

त्यांनी एप्रनच्या खिशात हात घातला, माझा हात ओढून उलटा केला आणि त्यात काही तरी ठेवून मूठ बंद केली. हातमोजे घालायची सवड दिली नाही. गरम होतं, खिशातलं. मी मूठ उघडली.

टालर. १८६१ आहे हे कडेवरून कळलं. बाकी काहीच कळलं नाही. या नाण्यावर विंकेलरीड असतो, शत्रूचे भाले स्वतःच्या छातीत घेऊन मागच्यांना वाट करून देणारा, आमच्या मुलखातला सगळ्यात शूर माणूस. तो नव्हता. भाले नव्हते. चमच्याच्या पाठीसारखं गुळगुळीत, मधोमध खोलगट. खणात ठेवण्याच्या लायकीचं नाही. चाळीस लोकांपुढे मांडण्याच्या तर नाहीच नाही. पंचवीस वर्षं मी ज्याच्यासाठी झुरलो ते हे.

मी विचारलं, कोणी घासलं?

आगाथाबाई म्हणाल्या, घासलं नाही. टोनी दर वर्षी रांगेत उभा राहिला की ते खिशात चोळायचा. आणि त्याआधी शेडमागे जाऊन ओकून यायचा. चार वेळचा नेमराजा. कॉफीचा थर्मास मी बरोबर न्यायचे तो त्यासाठी, चूळ भरायला. त्याचा बाप आदल्या दिवसापासून जेवत नसे. आज्याला तर घरातून ढकलून काढावं लागायचं. एकशे साठ वर्षं घाबरलेल्या माणसांचे अंगठे फिरलेत त्याच्यावर. विंकेलरीड किती टिकणार? शूर माणसाला मी ते कशाला देऊ, त्याला काय उपयोग?

मी म्हणालो, मग अठरा गोळ्यांची अट कशाला?

म्हणाल्या, भित्रा घरी बसून राहिला तर त्यालाही उपयोग नाही.

मी खाली बघितलं. माझा अंगठा नाण्यावर फिरत होता. कधीपासून, माहीत नाही. त्या खोलगट जागेत बरोबर बसत होता.

मग आडवा पडलो. नाणं शर्टाच्या खिशात, बरगडीला टोचत होतं. रेमिगी शेजारी गुडघ्यावर. त्यानं कानांवर पट्टा चढवला, रायफल खांद्याला नीट लावून दिली, हळू आवाजात सांगत राहिला. सहा सुट्या, मग तीन, मग तीन, मग एका दमात सहा. श्वास सोड. डोळे उघड, भाऊ. डोळे.

पहिल्या बारा डोळे मिटून झाडल्या. तेराव्याला डोळे आपोआप उघडले, बरगडीला टोचलं म्हणून. समोर हिरवं गवत, त्यापलीकडे पांढरे बोर्ड, त्यापलीकडे डोंगर. सगळं जागच्या जागी होतं. उरलेल्या सहा बघत झाडल्या. भीती तशीच होती, तसूभर कमी झाली नव्हती. पण झाडल्या.

बहात्तरपैकी सात गुण. रेमिगी म्हणाला, मंडळाच्या इतिहासात याहून कमी फक्त १९५२ साली, आणि तो माणूस चुकून मागे तोंड करून पडला होता.

शिवाय शेजारच्या बोर्डावर चार. शेजारी फादर यॉस्ट होते. म्हणाले, अठरा झाडून बावीस लागल्या तेव्हा वाटलं परमेश्वर प्रसन्न झाला. मग बघितलं शेजारी कोण आहे ते.

२८ मे, बुधवार

विचार केला असता सात गुण ही चांगली सुरुवात आहे. तंत्र बरोबर होतं, बोर्ड चुकला. शेजारचे चार धरले तर चित्र बदलतं. पुढच्या वर्षी बिल्ला नक्की. मंगळवारच्या सरावाला नियमित जाणार, फक्त काल पाऊस होता.

नाणं चौथ्या खळग्यात ठेवलं. खण बंद केला, पुन्हा उघडला. चौदा चेहरे आणि एक कोरी चकती. ओटिलिया म्हणाली, आता दात आहे, पण खोटा वाटतो.

ल्युसर्नला पत्र लिहिलं. व्याख्यान रद्द, घशाची तक्रार. पाकीट चिकटवलं, मग फोडलं. दुसरं लिहिलं: मालिका संपूर्ण आहे, परंतु दाखवण्याजोगी नाही. पोस्टात टाकून आलो.

९ जून, सोमवार. संध्याकाळी ६.३०

आगाथाबाईंचं सामान खाली हलवलं. मी, रेमिगी आणि फादर. कपाट जड होतं. नव्या खोलीत त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, हॅट घालूनच. हात मांडीवर. उजवा अंगठा पहिल्या बोटावर एकसारखा फिरत होता आणि हातात काही नव्हतं. मी खिशातून काढून पुढे केलं. म्हणालो, आजची रात्र ठेवा. म्हणाल्या, वेडा आहेस का, माझं झालं. तुझी दाढ कधी आहे?

ओटिलियानं सांगितलं असणार. बॅरोमीटर दुरुस्तीला दिला तेव्हा कार्ड सापडलं होतं. तिनं माझ्या वतीनं फोन करून वेळ घेतली. उद्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी. काढायची आहे.

ओढ्याला चढलेलं पाणी नाही. कुत्रा नाही. पवित्र सप्ताहही नाही.

खण बंद करून आलो. चौथा खळगा रिकामा आहे. नाणं कोटाच्या उजव्या खिशात. हातमोजे नेणार नाही, त्यांच्यातून अंगठ्याला काही लागत नाही.